लिटल सायगॉन: डिस्नेलँडपासून वीस मिनिटांवर

दक्षिण कॅलिफोर्नियात आलेली मराठी मंडळी सहसा डिस्नेलँड करतात, जेवायला आर्टेशियाच्या पायोनियर बुलेव्हार्डवर जातात आणि परततात. या दोन्हींच्या जवळच वेस्टमिन्स्टर गाव आहे, ‘लिटल सायगॉन’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या, व्हिएतनामबाहेरच्या सर्वांत मोठ्या व्हिएतनामी वस्तीचं केंद्र. लोक इथे फो (नूडल्सचं सूप) खायला येतात. मी मात्र इथल्या स्मारकांसाठी यायला सांगेन, आणि तेही एप्रिलच्या शेवटी.

३० एप्रिल १९७५ ला दक्षिण व्हिएतनामची राजधानी सायगॉन उत्तरेच्या कम्युनिस्ट फौजांच्या हाती पडलं. व्हिएतनाममध्ये हा विजयदिन असतो, सरकारी सुट्टीचा. इथे त्याच तारखेला ‘थांग तू देन’, म्हणजे काळा एप्रिल, पाळतात. कार्यक्रम नेमक्या तारखेलाच होतील असं नाही. बरेचसे जवळच्या शनिवार-रविवारी असतात, त्यामुळे आधी चौकशी करावी.

सुरुवात बीच बुलेव्हार्डवरच्या वेस्टमिन्स्टर मेमोरियल पार्क या दफनभूमीपासून करावी. आवार प्रचंड आहे, तेव्हा फाटकापाशीच ‘बोट पीपल’ (होड्यांतून देश सोडून पळालेले निर्वासित) स्मारक विचारून घ्यायचं. २००९ मध्ये उभारलेलं हे स्मारक म्हणजे पाण्याच्या कुंडातले पुतळे आणि भोवतीच्या दगडांवर समुद्रात गेलेल्यांची हजारो नावं. १९७५ ते १९९५ या काळात व्हिएतनाममधून पळालेली जवळपास आठ लाख माणसं होड्यांतून कुठल्या ना कुठल्या किनाऱ्याला जिवंत लागली. बुडालेल्यांची मोजणी कोणी केलीच नाही. अंदाज दोन ते चार लाखांपर्यंत जातात.

इतके लोक का बुडाले, हे नावं वाचण्याआधी माहीत असलेलं बरं. होड्या बहुतेक नदीतल्या किंवा किनाऱ्यालगतच्या मासेमारीच्या, खुल्या समुद्रासाठी न बांधलेल्या. भाडं सोन्यात, ‘के’च्या हिशेबानं, एक ‘के’ म्हणजे साडेसदतीस ग्रॅम. पलायन लपूनछपून, त्यामुळे डिझेल आणि पिण्याचं पाणी भरपूर साठवलं तर संशय यायचा. कमी घेतलं तर चौथ्या-पाचव्या दिवशी संपायचं. त्यात माणसं क्षमतेच्या कितीतरी पट. इंजिन बंद पडलं की होडी वाहत जायची, आणि थायलंडच्या आखातात चाचे गाठायचे. जे वाचले त्यांतले कित्येक मलेशियाच्या पुलाऊ बिडाँगवर पोचले. बेट जेमतेम एक चौरस किलोमीटरचं. १९७९ च्या मध्यात तिथे चाळीस हजारांच्या आसपास माणसं कोंबलेली होती. तिथे आणि इंडोनेशियातल्या गलांग या दुसऱ्या छावणीच्या बेटावर निर्वासितांनी पुढे स्मृतिफलक बसवले, पण व्हिएतनाम सरकारच्या दबावामुळे २००५ मध्ये ते काढले गेले.

समुद्रात गेलेल्याची मृत्यूतिथी घरच्यांना ठाऊक नसते. तेव्हा बरीच कुटुंबं तो घरातून निघाला तोच दिवस ‘जो’ (वर्षश्राद्ध) म्हणून धरतात. तिथी हरवलेल्यांसाठी आपल्याकडे सर्वपित्री आहे, तशीच ही सोय.

दुसरं ठिकाण सिड गोल्डस्टीन फ्रीडम पार्क. इथे एप्रिल २००३ मध्ये उभारलेले, शिल्पकार तुआन न्युएन यांनी घडवलेले एका अमेरिकन आणि एका दक्षिण व्हिएतनामी सैनिकाचे ब्राँझचे पुतळे शेजारी शेजारी आहेत. वॉशिंग्टनच्या व्हिएतनाम युद्ध स्मारकाच्या काळ्या भिंतीवर अठ्ठावन्न हजारांहून अधिक अमेरिकन नावं कोरलेली आहेत, पण दक्षिण व्हिएतनामच्या मृत सैनिकांचं तिथे एकही नाव नाही. सायगॉनजवळच्या बिएन होआ इथल्या त्यांच्या दफनभूमीच्या दारातला सैनिकाचा पुतळा १९७५ नंतर हटवला गेला. हरलेल्या सैन्याच्या मृतांना मायदेशात जागा उरली नाही, म्हणून ती या उपनगरात, नगरपालिकेच्या इमारतींजवळ, करावी लागली. काळ्या एप्रिलच्या कार्यक्रमात जुन्या दक्षिण व्हिएतनामी प्रजासत्ताकाचं आणि अमेरिकेचं अशी दोन्ही राष्ट्रगीतं होतात, मग ‘माक न्येम’ म्हणजे स्तब्धता, पुष्पचक्र, उदबत्त्या. उदबत्ती लावायची इच्छा असेल तर तीन घ्याव्यात आणि दोन्ही हातांत कपाळापर्यंत उचलून धरावं. गणवेशातल्या वृद्ध माजी सैनिकांचा फोटो काढण्याआधी विचारावं. बहुतेक जण आनंदानं हो म्हणतात.

एक गोष्ट मात्र कटाक्षानं पाळा. हल्ली हनोई-दानांगची सहल करून येणारे आजच्या व्हिएतनामच्या झेंड्याचा, लाल रंगाचा, पिवळ्या ताऱ्याचा टी-शर्ट हमखास घेऊन येतात. तो इथे घालू नका. १९९९ मध्ये बोल्सा ॲव्हेन्यूवरच्या एका व्हिडिओ दुकानात कम्युनिस्ट नेते हो चि मिन्ह यांचं चित्र आणि तो झेंडा लावला गेला, तर ५३ दिवस निदर्शनं चालली. इथला झेंडा जुन्या दक्षिण व्हिएतनामचा, पिवळा, तीन लाल पट्ट्यांचा. आजच्या हो चि मिन्ह सिटीचं नावही ‘सायगॉन’च म्हणावं.

जेवण शेवटी, बोल्सा ॲव्हेन्यूवरच्या फुक लोक थो मॉलच्या आसपास. तिन्ही ठिकाणं एकमेकांपासून गाडीनं काही मिनिटांवर आहेत. पण कार्यक्रमाच्या दिवशी फ्रीडम पार्कजवळ गाडी लावायला जागा मिळत नाही, तासभर आधी पोचावं.

बे एरियातल्यांना (सॅन फ्रान्सिस्को परिसरातल्यांना) इतकं खाली यायची गरज नाही. सॅन होजेच्या हिस्टरी पार्कमध्ये बोट पीपल आणि दक्षिण व्हिएतनामवरचं एक छोटं संग्रहालय २००७ पासून आहे. वेळा मर्यादित असतात, आधी फोन करून जा.