त्या रात्रीही समुद्र असाच होता

क्लेगनच्या धक्क्यावर पोचलो तेव्हा समुद्र अगदी गप्प होता. आयर्लंडच्या पश्चिम कडेला, कॉनेमारात, अशी सकाळ मिळायला नशीब लागतं, असं मी मुक्कामाच्या घरच्या आजीबाईंना म्हणालो. त्या क्षणभर थांबल्या. "त्या रात्रीही असाच होता," म्हणाल्या.

ती रात्र २८ ऑक्टोबर १९२७ ची. आजीबाईंचा जन्म त्यानंतरचा, तरी आईकडून ऐकलेलं सांगताना त्या 'आमची माणसं' असंच म्हणत होत्या. मॅकरलचे दिवस होते. हा मासा आपल्या बांगड्याच्या कुळातला. अंधार पडला तशी माणसं करॅख, म्हणजे तिथल्या वल्ह्यांच्या छोट्या नावा, घेऊन निघाली, जाळी सोडून बसली, आणि बघता बघता वादळ अंगावर आलं.

मग जाळं कापून किनाऱ्याकडे वल्हवायचं की धरून ठेवायचं? खडकाळ जमिनीत बटाट्याचे चार वाफे आणि समुद्रातला हा मासा, एवढ्यावर घर चालायचं. जाळं गेलं तर पुढचा हिवाळा काढायचा कसा? मी पुन्हा पुन्हा याच प्रश्नाशी येऊन थांबतो. एका नावेतली माणसं तर जाळ्यामुळेच तगली: त्याच्या ओढीने नाव लाटांना तोंड देऊन राहिली, आणि ती माणसं रात्रभर दोर धरून बसली. बाकीच्यांना हे साधलं नाही.

पश्चिम किनाऱ्यावर त्या रात्री ४५ जण गेले. क्लेगनजवळच्या रॉसाडिली या इवल्याशा वस्तीतले १६, समोरच्या इनिशबॉफिन बेटावरचे ९. उत्तरेला मेयो परगण्यातल्या इनिशकी बेटांवरचे १० तरुण बुडाले. पुढच्या काही वर्षांत तिथल्या लोकांनी बेटंच सोडली आणि ते मुख्य भूमीवर राहायला आले.

दुपारी बोटीने इनिशबॉफिनला गेलो. अर्ध्या तासाचा प्रवास, पाणी तसंच संथ. किनाऱ्यावर एक करॅख पालथी घातलेली होती. लाकडाच्या बारीक पट्ट्यांचा सांगाडा, त्यावर ताणून बसवलेलं डांबर फासलेलं कापड. मी तळहात टेकवून हलकेच दाबलं. कापड आत गेलं.