उकिरड्याचा पांग

इंदूरला येण्याचे माझे कारण ऐकून आत्या फोनवर बराच वेळ हसत होती. तिच्याकडे पाहुणे येतात ते सराफ्यातल्या खाण्यासाठी, राजवाड्यासाठी, फार तर उज्जैन-महेश्वर उरकण्यासाठी. मी मात्र खताचा ढीग पाहायला निघाले होते. ठाण्याच्या गॅलरीत गेली दोन वर्षे मी स्वयंपाकघरातल्या कचऱ्याचे खत करण्याचा खटाटोप करते आहे, आणि शेतीच्या मराठी पुस्तकात कंपोस्टचा धडा उघडला की आधी ‘इंदूर पद्धत’ भेटते, मग बंगळूर पद्धत आणि मग आपल्या पुसदच्या नारायण देवताव पांढरीपांडे यांची नाडेप. आत्या चाळीस वर्षे इंदुरात राहते. तिने ‘इंदूर पद्धत’ हे नाव कधी ऐकले नव्हते.

खटाटोप हा शब्द मी जपूनच वापरला आहे, कारण खत असे माझ्या हाताला लागलेच नव्हते. माझ्या ड्रममध्ये भाजीची देठे, चहाचा चोथा आणि फळांच्या साली यांचा एक आंबट, चिकट गोळा तयार होई. त्याचा वास जिन्यापर्यंत गेला आणि सोसायटीच्या सचिवांनी मला समज दिली. पुढे त्यात करड्या, जाड अळ्या झाल्या तेव्हा मी घाबरून त्यांच्यावर रॉकेल ओतले. त्या ब्लॅक सोल्जर माशीच्या अळ्या होत्या, त्या माणसाला काही करत नाहीत, उलट ओला कचरा झपाट्याने फस्त करतात, हे मला नंतर वाचून कळले. बागकामावर लिहिणाऱ्या व्यक्तीने हे कबूल करू नये असे म्हणतात, पण ते लपवून पुढचे सांगता येणार नाही.

अवंतिका एक्सप्रेसने सकाळी उतरले आणि राजेंद्रनगरला आत्याच्या घरी पोचले, तेव्हा दारात कचऱ्याची गाडी गाणे वाजवत उभी होती. आत्याने माझी पिशवी घेण्याआधी तिच्या बादल्या बाहेर नेल्या. ओला, सुका, प्लास्टिक, सॅनिटरी, घातक आणि इलेक्ट्रॉनिक अशा सहा प्रकारांत घरचा कचरा वेगळा करण्याची या शहराला इतकी सवय झाली आहे की आत्याची चार वर्षांची नात पेन्सिलीचा छिलका हातात धरून “आजी, हे कशात?” असे विचारते. 2017 पासून ओळीने वर्षानुवर्षे स्वच्छतेत पहिला क्रमांक मिळवणाऱ्या शहराचा अभिमान आत्याच्या चालण्यातही दिसतो. “तुमच्या ठाण्यात काय करतात?” या तिच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते.

तिचे सारे ओले जाते देवगुराडियाच्या बायो-सीएनजी प्रकल्पात, जो फेब्रुवारी 2022 मध्ये सुरू झाला आणि ज्याची क्षमता दिवसाला 550 टन ओला कचरा पचवण्याची आहे; तिथल्या वायूवर शहरातल्या बसगाड्या धावतात. हे काम मोठे आहे आणि मी त्याला नाक मुरडणार नाही. तरीही माझ्या मनात एक किंतु राहिला. आत्याच्या परसात पेरू, कढीलिंब, मोगरा आणि वांग्याची सहा रोपे आहेत; त्या रोपांच्या खाली पडलेली पानेसुद्धा झाडून, पिशवीत भरून त्याच गाडीत जातात, आणि त्याच रोपांसाठी आत्या जवळच्या एका रोपवाटिकेतून एकशे ऐंशी रुपयांना पाच किलो खत विकत आणते. मी पिशवी उघडली तेव्हा अमोनियाचा झणका डोळ्यांत गेला; आत अर्धवट कुजलेला भुसा आणि शॅम्पूच्या पुडीचा तुकडा होता. पिशवीवर मात्र झळझळीत हिरव्या अक्षरांत ‘शंभर टक्के नैसर्गिक’ असे छापलेले होते.

दुसऱ्या दिवशी मी कृषी महाविद्यालयाकडे गेले; इंदूर पद्धत जन्मली ती याच जागी. दिवस रविवारचा निवडला होता, हा दोष सर्वस्वी माझा. कुंपणाबाहेरून झाडे पाहत मी उभी राहिले आणि तिथे काय घडले होते ते मनात उजळले. बिहारातल्या पुसा येथे 1905 पासून काम केलेले इंग्रज कृषिशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड 1924 मध्ये इंदूरला आले, ते कापसाच्या संशोधनासाठी. माळव्याची काळी माती आणि होळकर दरबाराने दिलेली जमीन यांवर ‘इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्री’ उभी राहिली. कापूस हे निमित्त ठरले, कारण झाडाचे आरोग्य मातीच्या आरोग्यापासून तोडून पाहता येत नाही असे त्यांचे मत होत गेले, आणि शेतातल्या टाकाऊ वस्तूंचे ह्यूमस, म्हणजे पूर्ण कुजलेले काळे खत, कसे करावे याचा अभ्यास इथे सुरू झाला. त्यांनी चिनी शेतकऱ्यांच्या जुन्या रीतींविषयी वाचले, इथल्या शेतकऱ्यांचे ऐकले आणि पिकांवरच्या किडींनाही आपले प्राध्यापक म्हटले. 1935 मध्ये हिंदी साहित्य संमेलनासाठी इंदूरला आलेले गांधीजीही हे खताचे काम पाहायला या संस्थेत आले होते.

माझी चिडचिड वेगळ्या कारणाने होते. या पद्धतीची सविस्तर मांडणी करणारे 1931 चे पुस्तक दोघांचे आहे. हॉवर्ड यांच्या नावाशेजारी यशवंत वाड हे नाव छापलेले आहे, जे त्याच संस्थेत रसायनशास्त्राचे काम पाहत. जगभरातले सेंद्रिय शेतीवाले हॉवर्डना आजोबा मानतात आणि वाड यांचे नाव क्वचितच घेतात. इंदुरातल्या मराठी घरांमध्ये मी चार दिवस विचारत फिरले. वाड आडनावाची माणसे कुणाकुणाच्या ओळखीची निघाली, पण हे वाड कुणालाही ठाऊक नव्हते. कुंपणाशी उभ्या असलेल्या बाईकडे संशयाने पाहणाऱ्या एका गृहस्थांनाही मी विचारले. त्यांनी मला एका दंतवैद्याचा पत्ता सांगितला.

तिसरा दिवस पाताळपाणी ते कालाकुंड या मीटरगेजच्या गाडीत गेला. ऑगस्टमधली हिरवळ, बोगदे, चोरल नदी आणि कालाकुंडला पानात मिळणारे कलाकंद हे सारे उत्तम होते, आणि शहरात कागदाचा कपटाही खाली न टाकणारी माणसे खिडकीतून वेफरच्या पिशव्या दरीत सोडत होती हे तितकेच वाईट होते. घंटागाडी जिथपर्यंत येते तिथपर्यंतच आपले संस्कार पोचतात की काय, असे मी जरा मोठ्याने म्हणाले, आणि समोरच्या कुटुंबाने उरलेल्या प्रवासात माझ्याशी बोलणे टाळले.

चौथ्या दिवशी आत्याच्या दिरांच्या शेतावर गेलो. खंडवा रस्त्याने सिमरोळच्या पुढे हे शेत आहे. सोयाबीन कमरेपर्यंत आले होते आणि बांधावरच्या निंबाखाली, उंचवट्यावर, माझ्या खांद्याइतका उंच एक ढीग होता. शेत सांभाळणारे बाबा सत्तरीचे असतील. त्यांचा आणि आत्याचा संवाद माळवी, हिंदी आणि इंदुरी मराठी यांच्या अशा मिश्रणात चालतो की कोण कोणत्या भाषेत बोलते आहे हे दोघांनाही सांगता येणार नाही. ढिगाला त्या दिवशी पलटी द्यायची होती. मी हॉवर्डचे नाव काढले. त्यांनी शांतपणे माझ्या हातात खत उलटायचा दातेरी पंजा दिला.

पहिला थर उचलला आणि आतून वाफ आली. पावसाळी, ढगाळ हवेत ती वाफ निंबाच्या फांद्यांपर्यंत सरळ चढली. बाबांनी मला हात घालायला सांगितले; मी कोपरापर्यंत घातला आणि झटक्यात काढला, कारण आत आंघोळीच्या कडकडीत पाण्याइतकी धग होती. अशा ढिगाचा गाभा साठ अंश सेल्सिअसच्या पुढे जातो आणि त्या उष्णतेत तणाचे बी व रोगजंतू मरतात, हे मी दोन वर्षे वाचत होते. पण माझ्या ड्रममधला गोळा कायम थंड राहिला असल्याने ते मला मनातून कधी खरे वाटले नव्हते.

पलटी देताना ढिगाची उभी चीर दिसली आणि मला माझा ड्रम समजला. गव्हाचा भुसा, सोयाबीनचे जुने कुटार, निंबाचा पाला यांचा वीतभर जाड थर, त्यावर गोठ्यातली गोमूत्राने भिजलेली माती, चुलीची राख आणि शेणाचा काला, पुन्हा भुसा. कोरडे पुष्कळ आणि ओले बेताचे. इंदूर पद्धतीचा गाभा हाच आहे: कर्ब आणि नत्र यांचे प्रमाण साधारण तीसास एक राखायचे, ओलावा पिळलेल्या फडक्याइतका ठेवायचा आणि हवा कोंडू द्यायची नाही, कारण हे काम करणारे जिवाणू आपल्यासारखेच श्वास घेतात. म्हणून तीन महिन्यांत तीन पलट्या. साधारण पंधरवड्याने पहिली, महिन्याने दुसरी, दोन महिन्यांनी तिसरी. कोरड्या दिवसांत हे खड्ड्यात करता येते, पावसाळ्यात खड्ड्यात पाणी साचते म्हणून ढीग जमिनीवर. बाबांचा ढीग उंचवट्यावर का होता, हे मला विचारावे लागले नाही. मी दोन वर्षे ड्रममध्ये नुसते ओले कोंबत होते, एकदाही मूठभर वाळका पाला घातला नव्हता, आणि दोष अळ्यांना देत होते.

अर्ध्या तासात माझ्या तळव्यांना फोड आले. बाबा पंजाला टेकून उभे राहिले आणि म्हणाले, “बारा बरस में तो घूरे के भी दिन फिरते हैं, बाईजी.”

मी हसले, कारण माझी आजी हेच मराठीत म्हणत असे: बारा वर्षांनी उकिरड्याचाही पांग फिटतो. ती ते नेहमी एखाद्या नातेवाइकाच्या नशिबाबद्दल, जरा उपरोधानेच म्हणे, आणि त्यात खरा उकिरडा कुठे आहे याचा विचार मी कधी केला नव्हता. वाड आणि हॉवर्ड यांनी बारा वर्षांचे तीन महिने केले असे मी बाबांना सांगितले. त्यांनी थोडा विचार केला. त्यांच्या वडिलांच्या हाताखालीही तीनच महिने लागत, असे त्यांचे म्हणणे पडले. बारा वर्षे लागतात ती ज्याला पलटी द्यायचा कंटाळा त्याला. यावर मी वाद घातला नाही.

परतताना आत्या गप्प होती. सिमरोळला भुट्ट्याचा कीस खाताना ती एकदम म्हणाली, “तू मला माझ्याच घरात गुन्हेगार करून राहिलीस. मी काय शेण कुठून आणू?” तिचे म्हणणे रास्त होते. दोन गुंठ्यांच्या परसात गुरे नाहीत, गोठ्याची माती नाही, आणि गाडी रोज दारात येत असताना गुडघे दुखणाऱ्या बाईने पंजा घेऊन उभे राहावे असे मी कोणत्या तोंडाने सांगणार? मी एवढेच म्हटले की पेरूची पाने तरी गाडीत घालू नकोस, वांग्यांच्या बुडाशी पसरून ठेव. तिने त्यावर कीसात जिरावण मसाला जास्त झाल्याची तक्रार केली.

पाचवा दिवस सिरपूर तलावाला धावती भेट आणि सेव-खरेदी यांत संपला. निघताना आत्याने दिलेल्या पिशवीत बाबांच्या जुन्या, मुरलेल्या ढिगातले दोन किलो खत सेवेच्या पुड्यांशेजारीच बांधलेले होते. रतलाम येईपर्यंत डब्यात पहिल्या पावसाचा वास भरून राहिला आणि वरच्या बर्थवरच्या काकूंनी दोनदा विचारले की कुठे पाणी गळते आहे का.

ठाण्याला आल्यावर सोसायटीचा झाडूवाला वाळका पाला जाळतो त्याआधी मी त्याच्याकडून दोन पोती मागून घेतली. त्याने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिले ती नजर सचिवांपर्यंत पोचली असणार. ड्रममध्ये आता तीन मुठी पाल्याला एक मूठ ओले असा हिशेब आहे, मधूनमधून सिमरोळच्या खताचे विरजण आहे आणि बाजूंना भोके पाडली आहेत. पहिली पलटी मागच्या रविवारी दिली. एवढ्याशा ढिगात उष्णता धरून राहत नाही हे मला माहीत होते, तरी मी वाफेची वाट पाहिली. वाफ आली नाही. हात मात्र कोमट झाला.