बाळंतपण फुकट आहे, पण बाईचं ऐकतं कोण?

इंग्लंडमध्ये दिवस गेले की आधी मिडवाइफकडे नाव नोंदवतात. आठ-दहा आठवड्यांच्या सुमारास तिची पहिली भेट होते, चांगली तासभर चालणारी. माहेरी कुणाला साखर, कुणाला बीपी, घरात कोण कोण, नवरा त्रास देतो का, असं सगळं ती विचारते आणि त्यातच वंशही विचारते. आपला रकाना ‘आशियाई, भारतीय’. त्या एका खुणेमुळे ग्लुकोज पिऊन करायची साखरेची तपासणी आपल्याला सांगितली जाते, कारण आपल्या लोकांत मधुमेह जास्त. सोनोग्राफी, सिझेरियन, नंतर घरी येऊन बाळाचं वजन करणारी मिडवाइफ, यांतल्या कशाचंच बिल येत नाही. (आपल्यासारखे व्हिसावर आलेले लोक त्यासाठी आरोग्य अधिभार आधीच भरतात. २०२४ पासून तो मोठ्या माणसाला वर्षाला १,०३५ पौंड आहे.) त्यामुळे घरून फोन आला की मावशी, आत्या, सगळ्या एकच म्हणतात, तिकडे काय, सगळं चांगलं, काळजीच नको.

आकडे पाहिले तर त्यांचं म्हणणं बरंचसं खरं आहे. २०१८-२० मध्ये महाराष्ट्रात लाख जन्मांमागे ३३ माता दगावल्या, देशात ९७. ब्रिटनमध्ये २०२०-२२ या तीन वर्षांत हे प्रमाण लाखामागे १३.४१ होतं.

पण हा तेरा सगळ्यांचा सरासरी तेरा आहे. गोऱ्या बाईच्या तुलनेत काळ्या बाईचा गरोदरपणात किंवा बाळंतपणानंतरच्या सहा आठवड्यांत मृत्यू होण्याचा धोका त्या काळात जवळजवळ तिप्पट होता. आशियाई बाईचा जवळजवळ दुप्पट. अगदी गरीब वस्तीतल्या बायकांचा धोका सधन वस्तीतल्या बायकांच्या दुप्पट. बाळांचंही तसंच. २०२१ मध्ये पोटातच दगावलेल्या बाळांचं प्रमाण गोऱ्यांमध्ये हजारी ३.३ च्या आसपास होतं, आशियाई मातांमध्ये पाचच्या वर आणि काळ्या मातांमध्ये साडेसातच्या घरात.

हे आपल्याला कळतं कारण हा देश मोजतो. प्रत्येक मातेच्या मृत्यूची गोपनीय चौकशी करण्याची पद्धत इथे १९५२ पासून आहे. आता ते काम ऑक्सफर्डहून चालवला जाणारा एम्ब्रेस-यूके हा गट करतो. प्रत्येक मृत बाईचे कागद नावं झाकून तज्ज्ञांपुढे जातात आणि कुठे काय वेगळं करता आलं असतं ते लिहिलं जातं. या कामाबद्दल मला फार आदर आहे.

मग वंशावरून एवढा फरक का पडतो? काळ्या बायकांबद्दल आपल्या लोकांच्या तोंडून मी ऐकलेलं उत्तर असं: ‘त्यांच्यात बीपीच जास्त’, ‘त्या उशिरा दाखवतात’. मधुमेह, हृदयविकार, गरिबी, ओली घरं, हे सगळं खरंच आहे. मातांच्या मृत्यूचं सगळ्यात मोठं कारण रक्ताच्या गुठळ्या, आणि तो धोकाही सगळ्यांना सारखा नसतो. ज्यांच्याकडे इथे राहण्याचा परवानाच नाही, अशा काही बायकांना रुग्णालय दीडपट दराने बिल लावतं, त्या भीतीनेच लांब राहतात. पण एप्रिल २०२३ मध्ये ब्रिटिश संसदेच्या महिला व समानता समितीने स्पष्ट म्हटलं की सरकार आणि आरोग्यसेवा यात वंशभेदाचा वाटा कमी लेखत आहेत. दोष बाईच्या शरीरात शोधणं सोपं पडतं. २०२१ मध्ये उपचारांचे नियम ठरवणाऱ्या ‘नाइस’ या राष्ट्रीय संस्थेने मसुद्यात सुचवलं होतं की काळ्या आणि आशियाई बायकांना, इतर काही गुंतागुंत नसली तरी, ३९ व्या आठवड्यात कळा आणण्याचा विचार करावा. बायकांनी आणि मिडवाइफांनी विरोध केला आणि अंतिम नियमांत ते कलम राहिलं नाही. मला तो विरोध योग्यच वाटतो. वागणूक सुधारायची सोडून कातडीच्या रंगालाच आजार कसं ठरवता?

रंगाचा प्रश्न अगदी पहिल्या मिनिटाला येतो. बाळ जन्मलं की त्याची तब्येत जोखायला अपगार गुण देतात, ही १९५२ ची पद्धत. त्यात रंगाचे दोन गुण मिळायला बाळ ‘सर्वांगाने गुलाबी’ असायला हवं. आपलं सावळं बाळ, किंवा नायजेरियन आईचं बाळ, गुलाबी कसं दिसणार? कावीळही नुसत्या डोळ्यांनी त्वचेवरून ओळखायची तर गडद रंगात चुकते. २०२३ मध्ये इथल्या आरोग्यसेवेतल्या वंशभेदाचा अभ्यास करणाऱ्या ‘वंश व आरोग्य वेधशाळा’ या संस्थेने हेच मांडलं, की अशा तपासण्या गोऱ्या बाळांवर बेतलेल्या आहेत.

आणि मग ऐकून घेण्याचा प्रश्न. बाळंतपणाच्या तयारीच्या वर्गात माझी एक मैत्रीण झाली, मूळ घानाची, इथे शाळेत शिकवते. बाळ झाल्यावर काही दिवसांनी तिचं डोकं फुटेल इतकं दुखायला लागलं, डोळ्यांपुढे ठिपके यायला लागले. तिने फोन केला. झोप झाली नसेल, पॅरासिटामॉल घे, असं सांगितलं गेलं. दुसऱ्यांदा केला, तरी तेच. शेवटी नर्स असलेली तिची मोठी बहीण दुसऱ्या गावाहून गाडी घेऊन आली, घरीच बीपी मोजलं आणि तिला उचलून रुग्णालयात नेलं. प्री-एक्लॅम्प्सिया होता, म्हणजे गरोदरपणात बीपी धोकादायक वाढण्याचा आजार. तो बाळंतपणानंतरही, सहा आठवड्यांपर्यंत होऊ शकतो, हे मलाही तेव्हाच कळलं. मैत्रीण वाचली. पण बहीण नसती तर?

‘फाइव्ह एक्स मोअर’ ही मोहीम हेच बोलते. टिनुके आवे आणि क्लोटिल्ड आबे या दोघींनी ती २०१९ मध्ये सुरू केली. तेव्हा काळ्या मातांच्या मृत्यूचा धोका पाचपट होता, म्हणून हे नाव. त्यांच्या अर्जावर पावणेदोन लाखांहून जास्त सह्या झाल्या आणि एप्रिल २०२१ मध्ये संसदेत चर्चा झाली. सोबत बोलणारं माणूस न्या, मनाला खटकलं तर मागे हटू नका, दुसरं मत मागा, सगळं लिहून ठेवा, असा त्यांचा सल्ला.

आपल्या मंडळाच्या हळदीकुंकवात मी हा विषय काढला, तेव्हा एक काकू म्हणाल्या, ‘ते काळ्यांचं गं, आपलं काय त्यात.’ मला मनापासून राग आला. त्या बायकांनी आवाज उठवला म्हणून आपला दुपटीचा आकडाही आज कुणीतरी वाचतंय. शिवाय आपल्या मुलींना लहानपणापासून शिकवलेलं असतं, सोस, पहिल्या खेपेला असं होतंच, डॉक्टरांना उलट विचारू नये. इंग्रजी चांगलं असलेली मुलगीसुद्धा कळांमध्ये गप्प होते, आणि गप्प बसलेल्या बाईला ‘हिला बरं आहे’ असं समजून पुढे जातात.

म्हणून इथे येणाऱ्या मुलींना आणि त्यांच्या आयांना सांगते. भाषेची अडचण असेल तर पहिल्याच भेटीत दुभाषी मागा, त्याचे पैसे पडत नाहीत. नवऱ्याला दुभाषी करू नका, काही गोष्टी त्याच्यासमोर बोलता येत नाहीत. आई किंवा सासूबाई येणार असतील तर जन्मानंतर लगेच संपणारा व्हिसा न काढता निदान सहा आठवडे राहतील असं बघा. घरात बीपीचं यंत्र ठेवा. डोकेदुखी, डोळ्यांपुढे ठिपके, पोटरीत दुखून सूज, छातीत दुखणं, दम लागणं, यांपैकी काही झालं की प्रसूती विभागाला फोन करा, दम लागला किंवा छातीत दुखलं तर सरळ ९९९ या इथल्या तातडीच्या नंबरवर. ‘थांबून बघा’ म्हणाले तर विचारा: हे तुम्ही माझ्या फाइलमध्ये लिहिलंत का, आणि काय लिहिलंत?