सशाचा आणि पक्ष्याचा डॉक्टर: शोध कुठवर आला

पिंजऱ्याची नवी मांडणी पूर्ण झाल्यापासून सगळा मोकळा वेळ एकाच कामात गेलाय: ससा आणि कॉकाटिएल (तुरेवाला छोटा पोपट) यांना नीट तपासेल असा डॉक्टर शोधणं. दोघं ठणठणीत आहेत, म्हणूनच हे आत्ता हाती घेतलं. ससा दहा-बारा तास खात नसेल आणि लेंड्याही थांबल्या असतील, तर त्याचं आतडं मंदावलेलं असतं. तेव्हा नंबर शोधत बसायला वेळ नसतो.

'ससे बघता का?' असं फोनवर विचारलं की बहुतेक ठिकाणी 'हो' येतं. त्यातून काहीच कळत नाही. म्हणून प्रश्न बदलला: ऑपरेशनआधी सशाला किती तास उपाशी ठेवायचं? सशाला उलटी करताच येत नाही, त्यामुळे कुत्र्या-मांजरासारखा रात्रभरचा उपास नको. त्याने आतडं उलट आणखी मंदावतं. 'रात्रीपासून काही देऊ नका' म्हणाले, ती नावं खोडली. दुसरा प्रश्न औषधांचा. तोंडावाटे दिलेलं अमॉक्सिसिलिन हे अँटिबायोटिक सशाच्या जिवावर बेतू शकतं, आणि पिसवांसाठी कुत्र्यांना लावतात ते फिप्रोनिल त्याला विषारी. हे न विचारता सांगणारा डॉक्टर भेटला की मला हायसं वाटतं.

सशासाठी सध्या ज्या दवाखान्यावर शोध थांबवलाय, तिथे डॉक्टरांनी आधी टेबलावर टॉवेल अंथरला. गुळगुळीत टेबलावर ससा बिथरतो, आणि जोरात लाथ झाडताना त्याचा कणा मोडू शकतो. एक हात छातीखाली, दुसरा मागच्या पायांना आधार, मग ओटोस्कोप (कान तपासायचं दिव्याचं उपकरण) तोंडात. पुढचे दात ओठ उचलून कोणीही बघतं; पण दाढाही आयुष्यभर वाढतात, आणि झिजल्या नाहीत की खालच्यांना जिभेकडे, वरच्यांना गालाकडे टोकं येतात. आमच्या सशाच्या डाव्या खालच्या दाढेला असंच बारीक टोक येतंय. घासायची वेळ अजून आलेली नाही. सुकं गवत वाढवायचं, गोळीखाद्य कमी करायचं आणि पुन्हा दाखवायचं.

पक्ष्यासाठी वेगळा डॉक्टर धरलाय. एकाच दवाखान्याचा हट्ट सोडलेला बरा, असं माझं ठाम मत झालंय. असोसिएशन ऑफ एव्हियन व्हेटेरिनेरियन्स ही १९८० पासूनची संस्था. तिच्या संकेतस्थळावर सदस्य डॉक्टर शोधता येतात. सदस्यत्व म्हणजे तज्ज्ञ असल्याची पावती नव्हे, पण सुरुवातीला धागा मिळतो. या डॉक्टरांनी पक्ष्याला हात लावण्याआधी बराच वेळ पिंजऱ्यातच पाहिलं: श्वासाबरोबर शेपूट हलतेय का, विष्ठा कशी आहे. धरतानाही छातीवर दाब येऊ दिला नाही. पक्ष्यांना आपल्यासारखं श्वासपटल, म्हणजे छाती आणि पोटामधला श्वासाचा पडदा, नसतं. छाती हलली नाही तर श्वासच अडतो. मग ग्रॅममध्ये वजन. ९० ग्रॅमच्या पक्ष्याचे ९ ग्रॅम गेले तरी पिसांमुळे नजरेला कळत नाही, म्हणून आता घरीही रोज सकाळी खाण्याआधी काट्यावर.

रात्रीच्या तातडीचा प्रश्न मात्र उरलाय. चोवीस तास उघड्या दवाखान्यांत सशाला भूल देणारं कोण असतं, ते दोन्ही डॉक्टरांना विचारून ठेवलंय. उत्तर आलं की पुढच्या नोंदीत लिहिते.