हिशोबात उरलेला पाऊण अंश

आमच्या शिवारात शेतीपंपाची वीज बहुधा रात्रीच येते. त्यामुळे गव्हाचा एक सारा, म्हणजे लांबट वाफा, पाण्याने भरेपर्यंत आखाड्यावरच्या खांबाला दुर्बीण टेकवून गुरू पाहण्याची सवय मला लागली. गॅलिलिओने 1610 च्या जानेवारीत पाहिलेले चार चंद्र साध्या दुर्बिणीतूनही ठिपक्यांसारखे दिसतात. सर्वांत आतला आयो मात्र ग्रहाच्या उजेडात वारंवार बुडून जातो.

आयो 1.769, युरोपा 3.551 आणि गॅनिमीड 7.155 दिवसांत प्रदक्षिणा पूर्ण करतो, म्हणून त्यांचे प्रमाण 1:2:4 असे सर्रास सांगितले जाते आणि मीही ते कित्येक वर्षे मुकाट्याने मान्य केले होते. परंतु 1.769 ची दुप्पट 3.538 होते, 3.551 नव्हे. एका रात्री मध्येच वीज गेली, तेव्हा खताच्या पावतीच्या पाठीमागे मी तिघांची रोजची चाल अंशांत मांडली: आयो 203.489, युरोपा 101.375, गॅनिमीड 50.318. आयोच्या चालीतून युरोपाची दुप्पट वजा केल्यावर 0.739 उरले, युरोपाच्या चालीतून गॅनिमीडची दुप्पट वजा केली, तर पुन्हा 0.739 च. प्रमाण चुकते खरे, पण दोन्हीकडे एकाच मापाने चुकते, आणि खरा नेमकेपणा या उरलेल्या पाऊण अंशातच आहे.

ही बाकी सारखी राहते ती तिघांच्या परस्पर ओढीमुळे, हे फ्रेंच गणितज्ञ लाप्लासने अठराव्या शतकात दाखवले. परिणामी हे तिघे गुरूच्या एकाच बाजूला एका रेषेत कधीच येत नाहीत. युरोपा आणि गॅनिमीड एकत्र आले की आयो नेमका पलीकडच्या बाजूला असतो. याच ओढाताणीमुळे आयोची कक्षा पूर्ण वर्तुळाकार होऊ शकत नाही, आणि गुरूच्या भरती-ओहोटीच्या बलाने त्याचे अंतरंग सतत मळले जाऊन तापते. मार्च 1979 मध्ये पील, कॅसन आणि रेनॉल्ड्स या शास्त्रज्ञांनी हे भाकीत प्रसिद्ध केले आणि थोड्याच दिवसांत व्हॉयेजर-1 या अंतराळयानाच्या छायाचित्रांत आयोवरचे जागृत ज्वालामुखी दिसले.

चौथ्या कॅलिस्टोने मला चकवले. त्याच्या 16.689 दिवसांच्या तीन फेऱ्या आणि गॅनिमीडच्या सात फेऱ्या यांत अर्ध्या तासाहूनही कमी अंतर पडते, म्हणून तोही या साखळीत असावा, असे मी पावतीवर उत्साहाने लिहून ठेवले होते. पण ते अंतर भरून काढणारी कोणतीही पकड तिथे नाही आणि ते फेरीगणिक साचत जाते. ती ओळ मी खोडली, तोवर वीज परत आली होती आणि सारा फुटून पाणी शेजाऱ्याच्या ज्वारीत शिरले होते.