एक मार्काचे नाणे

मी लायप्झिगमधील एका पुनर्वसन रुग्णालयात ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे. पक्षाघातानंतर बोटांची पकड परत यावी म्हणून आम्ही रुग्णांकडून नाणी उचलण्याचा सराव करून घेतो. गेल्या वर्षी ३ ऑक्टोबरच्या, म्हणजे जर्मन एकीकरण दिनाच्या, आदल्या दिवशी एका आजींनी माझी युरोची नाणी बाजूला सारली आणि डाव्या हाताने पर्समधून पूर्व जर्मनीचे एक मार्काचे नाणे काढून टेबलावर ठेवले. अ‍ॅल्युमिनियमचे ते नाणे हातात घेतले, तर वजनच जाणवेना. "लोक याला चकती म्हणून हसत," त्या म्हणाल्या, "पण माझा पगार यातच होता."

आजी १९९० मध्ये बचत बँकेत रोखपाल होत्या. १ जुलैपासून पूर्व जर्मनीत पश्चिम जर्मनीचा मार्क चालू होणार होता आणि रोकड थेट बदलून मिळणार नव्हती, ती आधी खात्यात भरावी लागे. एकास एक दराने मुलांना २०००, प्रौढांना ४००० आणि साठीपुढच्यांना ६००० मार्कच मिळत, त्यावरच्या दोन मार्कांचा एक होई. म्हणून घरोघरी आजी-आजोबांच्या आणि नातवंडांच्या खात्यांत पैसे वाटून ठेवण्याची धांदल उडाली होती. त्या जूनमध्ये झोपेतही आपला अंगठा नोटा मोजत असे, हे सांगताना त्यांचा अधू अंगठा खरोखरच तर्जनीवर घासू लागला. आठवडाभर मला जी हालचाल करून घेता आली नव्हती, ती समोर होत होती. मी श्वास रोखून गप्प राहिले.

पगारही एकास एक झाले. माणसांना तो मान हवाच होता, पण कारखान्यांना तो खर्च पेलला नाही. आजींच्या यजमानांचा कारखाना पुढच्याच वर्षी बंद पडला आणि त्यांना पुन्हा कायमची नोकरी लागली नाही. ९ ऑक्टोबर १९८९ रोजी याच शहरात पूर्व जर्मनीच्या कम्युनिस्ट राजवटीविरुद्ध सुमारे ७०,००० लोक रस्त्यावर उतरले आणि एकही गोळी सुटली नाही, ही गोष्ट मला फार मोठी वाटते. मात्र 'शांततेत झाले' एवढे म्हणून आपण मोकळे होतो, तेव्हा अशी घरे हिशेबातून सुटतात.

"मग एकीकरण व्हायला नको होते का?" मी विचारले.

"असे कोण म्हणाले?" आजी जवळजवळ रागावल्याच. त्या ९ तारखेला मुलांना शेजारणीकडे ठेवून त्याही रस्त्यावर होत्या.

नाणे तीनदा निसटले. चौथ्या वेळी त्यांनी ते टेबलाच्या कडेपर्यंत सरकवत नेले, चिमटीत धरले आणि माझ्या डब्यात न टाकता पर्समध्ये परत ठेवले.