फोन देत नाही, फोन लावून देते

आमच्या आप्पांचा फोन एसटीत राहिला त्याला आता दोन वर्षं होतील. कराडहून स्वारगेटला आले, सीटवर फोन ठेवून पिशव्या काढल्या आणि उतरले, गाडी गेली डेपोत. आता मी त्यांना घ्यायला येणार पण कुठल्या गेटला येणार ते फोनवर ठरणार होतं, आणि फोनच नाही. तर आप्पांनी तिथे उभ्या असलेल्या लोकांना विचारायला सुरुवात केली, जरा एक फोन लावता का हो. सात-आठ जणांना विचारलं म्हणाले. कोणी बॅलन्स नाही म्हणालं, कोणी बॅटरी गेलीय म्हणालं, एक मुलगा तर काही न बोलता दोन पावलं मागं सरकला आणि फोन खिशात घालून वरून हात ठेवला. आप्पा अडतीस वर्षं शाळेत गुरुजी होते, इस्त्रीचा पांढरा शर्ट घातल्याशिवाय घराबाहेर पडत नाहीत. रात्री जेवताना म्हणाले, "लोकांनी आज माझ्याकडं चोर असल्यासारखं बघितलं गं." ताटातली भाकरी तशीच राहिली त्यांची.

शेवटी मदत केली ती एका रसवंतीवाल्याने. त्याने फोन हातात दिला नाही हां, "काका नंबर बोला" म्हणाला आणि स्वतः लावला. आणि आप्पांना माझा मोबाईल नंबर पाठच नव्हता! पाठ होता तो फक्त घरचा लँडलाईन, ०२१६४ पासून सुरू होणारा. मग तो फोन कराडला आईने उचलला, आईने मला लावला, मी त्या रसवंतीवाल्याला लावला, तेव्हा कुठे बापलेकीची भेट झाली. मी रिक्षातून उतरून धावत गेले तर आप्पा बाकड्यावर बसलेले, समोर रसाचा ग्लास, पैसे त्याने घेतले नव्हते.

हे सगळं आठवायचं कारण म्हणजे मागच्या आठवड्यात एक मैत्रीण ठासून म्हणाली, अनोळखी माणसाला फोन द्यायचाच नाही, विषय संपला. आणि तिचं चूक आहे असं मी म्हणू शकत नाही, कारण दुसरी बाजू पण मी जवळून बघितलीय.

माझ्या ऑफिसमधल्या एकाला स्टेशनवर एका मुलाने विचारलं, दादा फोन चोरीला गेलाय, बहिणीला एक कॉल करू का. ह्याने लॉक उघडून फोन दिला. त्या मुलाने काहीतरी टाईप केलं, कानाला लावला, "बिझी येतोय" म्हणून परत दिला, थँक्यू पण म्हणाला. अर्ध्या मिनिटाचं काम. दोन तासांनी ह्याचं व्हॉट्सॲप बंद पडलं आणि नातेवाइकांना त्याच्या नावाने मेसेज जायला लागले, अर्जंट आहे, वीस हजार पाठव, संध्याकाळी देतो. त्याच्या मावशीने पाठवले सुद्धा. भाच्याने मागितले म्हटल्यावर कोण विचारत बसतं.

झालं काय होतं, तर त्या मुलाने बहिणीचा नंबर लावलाच नव्हता. स्टार, मग एक कोड, मग स्टार, मग त्याच्या साथीदाराचा नंबर आणि शेवटी हॅश, असं डायल केलं होतं. म्हणजे कॉल फॉरवर्डिंग सुरू. ह्याच्या नंबरवर येणारा प्रत्येक कॉल तिकडे. मग तिकडच्याने ह्याच्या नंबरवर व्हॉट्सॲप चालू करायला घेतलं, कोड मेसेजने नको, कॉल करून सांगा असा पर्याय निवडला, आणि तो कॉल सरळ त्याच्याकडेच गेला. फोन ह्याच्या खिशात, सिम ह्याच्या फोनमध्ये, आणि तरी सगळं गेलं. हे प्रकार इतके व्हायला लागले की दूरसंचार विभागाने १५ एप्रिल २०२४ पासून असे कोड डायल करून होणारं कॉल फॉरवर्डिंग बंद करायला कंपन्यांना सांगितलं. पण फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन ते करता येतंच, त्यामुळे लॉक उघडलेला फोन परक्या हातात गेला की काम झालंच समजा. यूपीआयला पिन लागतो हे खरं, पण ओटीपीचे मेसेज तर तिथेच दिसतात ना वर.

हे ऐकल्यावर मी पण कोणाला फोन देईनाशी झाले. आणि एकदा शिवाजीनगरला, रात्रीचे साडेनऊ वाजले असतील, एका कॉलेजच्या मुलीने मला विचारलं, ताई फोन बंद पडलाय, भावाला एक कॉल करू का. मी बॅटरी नाहीये म्हणाले. ती "ओके ताई" म्हणाली आणि पुढच्या माणसाकडे गेली. रिक्षात बसल्यावर माझाच फोन हातात वाजला, आणि मला आप्पांची ती भाकरी आठवली. मी रिक्षा वळवून परत गेले, पण ती दिसली नाही. तिला कोणीतरी फोन लावून दिला असेल असं मी धरून चालते, पण ते अजून टोचतं.

पूर्वी हा प्रश्नच नव्हता. स्टँडवर पिवळ्या बोर्डचं एसटीडी बूथ असायचं, पानटपरीवर फोनचा लाल डबा असायचा, रुपया टाकायचा, पीप पीप वाजलं की दुसरा टाकायचा, कोणाच्या तोंडाकडे बघायची गरज नव्हती. ते सगळे डबे आपण मोबाईल घेतले म्हणून गेले. मग आता ज्याचा मोबाईल गेला त्याने जायचं कुठे? माझं म्हणणं एवढंच आहे की तो डबा आता आपल्या खिशात आहे, तर तो रुपयाचा कॉल आपण लावून द्यायला पाहिजे. फोन द्यायचा नाही, कॉल द्यायचा.

मी आता तेच करते. नंबर बोला म्हणते, मी स्वतः टाकते. मोबाईल असेल तर दहा आकडे, लँडलाईन असेल तर शून्यापासून कोडसकट अकरा, ह्यात स्टार किंवा हॅश बसत नाही, कोणी सांगितला तर तिथेच नाही म्हणायचं. आधी मीच बोलते, मी अमुक स्टँडवरून बोलतेय, तुमची व्यक्ती इथे आहे. मग स्पीकर. फोन माझ्याच हातात. खऱ्या अडचणीतल्या माणसाला ह्याचं कधीच वाईट वाटलेलं मी बघितलं नाही, आणि ज्याला फोन हातातच पाहिजे असतो तो आपोआप निघून जातो.

एक अडचण आहे, बायकांना जास्त. आपला नंबर तिकडे जातो आणि मग रात्री कोण बोलतंय म्हणून कॉल येत राहतात. मला दोनदा आले, ब्लॉक केलं. ज्यांना हे नको असेल त्यांनी माणसाला सरळ एसटीच्या चौकशी खिडकीपाशी नाहीतर स्टेशनवर आरपीएफकडे, म्हणजे रेल्वेच्या सुरक्षा दलाकडे नेऊन उभं करावं, एकटं लेकरू असेल तर १०९८ लावावा, जिवावरचं असेल तर ११२, तो लॉक न उघडता पण लागतो. आणि अशा फसवणुकीत ज्यांचे पैसे गेलेत त्यांनी वाट न बघता १९३० लावावा, जेवढ्या लवकर तेवढं बरं.

परवा स्वारगेटलाच एक आजोबा आले, हातात वहीचा फाडलेला कागद, त्यावर बॉलपेनने नंबर, घामाने शेवटचा आकडा पुसट झालेला. तीन की आठ कळेना. तीन लावून बघितला, राँग नंबर. आठ लावला, तिकडून बाई "अहो कुठायत दादा, सकाळपासून शोधतोय" म्हणून रडायलाच लागली. स्पीकरवर स्टँडच्या घोषणेत आजोबांना काही ऐकू येईना, मग मी फोन त्यांच्या कानाला धरून उभी राहिले, त्यांच्या पांढऱ्या खुंटांची दाढी हाताला लागत होती, आणि ते जोरात ओरडत होते, "बरा हाय मी, बरा हाय!"

घरी आल्यावर मी आप्पांसाठी एक कार्ड लॅमिनेट करून आणलं, शर्टाच्या खिशात राहील एवढं. माझा नंबर, दादाचा नंबर आणि खाली घरचा. आप्पांनी बघितलं, चष्मा लावला, आणि मार्कर घेऊन घरच्या नंबरपुढे मोठा '१' काढला.